कोराट ते नॉम पेन्ह, सगळं रस्त्याने

अंगकोरला, म्हणजे कंबोडियातल्या जुन्या राजधानीची देवळं बघायला, जायचं म्हटलं की बहुतेक जण सिएम रीपचं विमान पकडतात, तीन दिवसांचा पास काढतात, तळ्याकाठी उभं राहून सूर्योदयाचा फोटो घेतात आणि परत येतात. त्यात वाईट काही नाही, रजा कमी असली की तेवढंच जमतं. पण मी जसजशी वाचत गेले तसतसं मला वाटायला लागलं की ही देवळं एका गावातली नाहीतच, एका रस्त्यावरची आहेत आणि तो रस्ता आता तीन देशांत वाटला गेलाय. अंगकोरच्या सातव्या जयवर्मन राजाच्या काळातला, तिथल्या प्रेअह खान देवळातला शिलालेख आहे, ११९१ सालचा, त्यात चक्क हिशोब दिलाय की राज्यातल्या वाटांवर १२१ धर्मशाळा बांधल्यात आणि त्यातल्या १७ अंगकोर ते फिमाई या एकाच वाटेवर. ती वाट सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आज फिमाई थायलंडमध्ये, अंगकोर कंबोडियात आणि या ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, राजांचं त्याहून जुनं तीर्थ, वाट फू (या नावांमधलं 'वाट' म्हणजे देऊळ), लाओसमध्ये. मग ठरवलं की विमान फक्त जाताना बँकॉकपर्यंत आणि येताना नॉम पेन्हहून, मधलं सगळं ट्रेन, बस, व्हॅन, होडी, जे मिळेल ते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो. सोबत ताई आणि दाजी. दाजी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना मूर्तीपेक्षा दगडाचा सांधा बघण्यात जास्त रस, आणि ताई पूर्ण शाकाहारी, चतुर्थी-एकादशी सगळं पाळणारी. हे तिघांचं गणित जमेल का अशी शंका घरच्यांना होती, मला नव्हती, कारण ताई एकदा घराबाहेर पडली की कुठेही झोपते आणि दाजींना वेळापत्रक दिलं की ते खूश असतात.

व्हिसाचं आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. थायलंडने तेव्हा भारतीयांना व्हिसा माफ केलेला होता, त्यामुळे तिथे फक्त शिक्का. लाओसचा व्हिसा ऑन अरायव्हल मोठ्या नाक्यांवर मिळतो, फोटो आणि डॉलर जवळ लागतात. कंबोडियाचा ई-व्हिसा घरूनच काढला, पण यात एक मेख आहे, ई-व्हिसा सगळ्या जमिनीवरच्या नाक्यांवर चालत नाही, ठराविक यादी आहे आणि ती आधी बघून घ्यावी लागते. लाओसमधून खाली उतरायचा त्रपेआंग क्रिएलचा नाका त्या यादीत होता म्हणून आमचा मार्ग तसा आखता आला. आणि डॉलरच्या नोटा अगदी कोऱ्या न्या हो. कंबोडियात कोपरा जरासा फाटलेली नोट सुद्धा कोणी घेत नाही, एक डॉलरच्या नोटेला असा उजेडात धरून बघतात की आपल्यालाच संशय यायला लागतो. सुट्टे पैसे परत देतात ते रिएलमध्ये, साधारण चार हजाराला एक डॉलर, दोन दिवसांत पाकीट जाड आणि किंमत काहीच नाही.

बँकॉकहून कोराट ट्रेनने. कोराट हे लोकांच्या तोंडातलं नाव, पाटीवर नाखोन राचासिमा. तिथून फिमाई बसने साठेक किलोमीटर. मला फिमाई आवडलं कारण ते भर गावात आहे, देवळाच्या भिंतीला लागून बाजार, शाळा, दुकानं. आणि इथे पहिली गंमत दिसते. गाभाऱ्यात बुद्ध, नागाच्या फण्याखाली बसलेला, हे महायान बौद्ध मंदिर. पण बाहेर मंडपाच्या दारावर शिव नाचतोय आणि दुसऱ्या एका दारावर राम-लक्ष्मण नागपाशात बांधलेले पडलेत. ताई खालून मान वर करून म्हणाली, "म्हणजे हा इंद्रजिताचा बाण." तिला पाटी वाचायची गरज पडली नाही. मी मात्र पाटीच वाचत होते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे बांधकाम, म्हणजे अंगकोर वाटच्या थोडं आधीचं, आणि शिखराचा आकार बघितला की कळतं अंगकोर वाटचं शिखर कुठून आलं. विमानाने सरळ अंगकोरला गेलं की हे कळत नाही, तिथे सगळं एकदम आभाळातून पडल्यासारखं दिसतं.

फनोम रुंगसाठी नांग रोंग नावाच्या गावात राहिलो आणि दिवसभराची गाडी केली. विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर हे शिवमंदिर आहे. खालून लांबलचक दगडी वाट, दोन्ही बाजूंना कमळाच्या कळीसारखे खांब, मग नागांचा पूल, मग जिने. उन्हाचा तडाखा एवढा की दाजींनी छत्री उघडली आणि तिथल्या शाळेच्या सहलीतल्या पोरींनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. पूर्वेच्या दारावर शेषशायी विष्णूची जी पट्टी आहे ती १९६० च्या दशकात चोरीला गेली होती, नंतर ती निघाली थेट शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. थाई लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर १९८८ मध्ये परत आली. आता ती पुन्हा जागेवर आहे, एक तुकडा कमी, तिथे साधा दगड भरलाय. तिच्या वरच्या कमानीत नटराज. म्हणजे झोपलेला विष्णू खाली आणि नाचणारा शिव वर, एकाच दारावर, आपल्याकडे वैष्णव-शैवांच्या भांडणाच्या गोष्टी सांगतात त्या इथे कोणाला सांगाव्यात?

पण मला लक्षात राहिलं ते दुसरंच. गाभाऱ्यात लिंग आहे आणि त्याच्या अभिषेकाचं पाणी भिंतीतून बाहेर काढायला दगडी पन्हळ. ताईने नमस्कार केला आणि प्रदक्षिणेला निघाली, पन्हळीपाशी आली, थांबली आणि उलटी फिरली. सोमसूत्र ओलांडायचं नाही, घरच्या महादेवाला जशी अर्धी प्रदक्षिणा घालतात तशीच. तिथला पहारेकरी म्हातारा तिच्याकडे बघत होता. त्याला वाटलं बाई वाट चुकली, तो हाताने दाखवायला लागला की इकडून जा, इकडून रस्ता आहे. ताईने हात जोडले आणि पुन्हा उलट दिशेने गेली. दाजी मला हळूच म्हणाले, "शेकडो वर्षं इथे कोणी अशी प्रदक्षिणा घातली नसेल." घातली असेलही, कोणी सांगावं, पण पन्हळ ज्याने बांधली त्याला हा नियम नक्की माहीत असणार.

डोंगराच्या पायथ्याशी मुआंग ताम, चार कोपऱ्यांत चार तळी आणि तळ्यांच्या काठावर नाग पसरलेले. गर्दी अजिबात नाही. त्याच्याजवळच जांभ्या दगडाचं एक छोटंसं देऊळ आहे, जयवर्मनच्या आरोग्यशाळेचं. त्याने राज्यभर १०२ आरोग्यशाळा चालवल्या असं अंगकोरच्या ता प्रोहम देवळातला शिलालेख सांगतो. राहायच्या इमारती लाकडाच्या, त्या गेल्या, देवळं तेवढी दगडाची म्हणून उरली. दाजी त्या जांभ्याला हात लावून म्हणाले, हा तर आपल्या रत्नागिरीचा चिरा. खरंच तसाच, तांबडा आणि भोकाभोकांचा. ख्मेर लोक आतला गाभा जांभ्याचा करायचे आणि वरून वाळूचा दगड चढवायचे, कोरीवकाम त्या वरच्या दगडावर. पुढे अंगकोरपर्यंत दाजी प्रत्येक देवळात पडलेल्या भिंतीच्या आत डोकावून जांभा शोधत होते.

सुरीनहून ट्रेनने उबोन आणि उबोनहून पाक्सेची बस. चोंग मेकचा नाका मजेशीर आहे, थायलंडचा शिक्का मारला की माणसं जमिनीखालच्या बोगद्यातून चालत जातात आणि पलीकडे लाओसमध्ये वर निघतात. बस तोपर्यंत पुढे जाऊन उभी असते, पण ती अनंतकाळ थांबत नाही आणि व्हिसा काढणाऱ्यांना वेळ लागतो, म्हणून मी आधी ड्रायव्हरला आमची तोंडं नीट दाखवून ठेवली होती. तो थांबला. बसमधले बाकीचे लोक मात्र आमच्याकडे असे बघत होते की जणू आम्हीच नाका बांधून येत होतो.

लाओसमध्ये एकदम सगळं हळू होतं. पाक्सेहून चंपासाक, मेकाँगच्या काठचं एक-रस्त्याचं गाव, आणि तिथून टुकटुकने वाट फू. माझ्या मते या सगळ्या वाटेवरची सर्वात भारी जागा हीच, अंगकोर वाट धरून. कारण इथे देऊळ नंतरचं आहे, आधी डोंगर आहे. फू काओ डोंगराच्या माथ्यावर एक नैसर्गिक सुळका आहे, लिंगासारखा, जुन्या लेखांमधला लिंगपर्वत तो हाच. खाली दोन मोठी तळी, मग लांब वाट, मग दोन पडक्या इमारती समोरासमोर, मग चढ. जिन्याच्या दोन्ही बाजूंना चाफ्याची जुनी झाडं, फेब्रुवारीत पानं झडून नुसती फुलं होती आणि पायऱ्यांवर सडा. पायऱ्या अरुंद आणि उभ्या, वरच्या टप्प्यात तर हात टेकत चढावं लागतं. ताई मधे तीनदा बसली. आम्ही गेलो तेव्हा माघी पौर्णिमेच्या जत्रेची तयारी चालू होती, खाली मांडव पडत होते, स्पीकर लावून बघत होते.

वर गाभारा. पुढचा भाग दगडाचा, मागचा विटांचा, आणि आत आता बुद्ध, पिवळं वस्त्र पांघरलेला, तोंडावर एक प्रकारचं गावरान हसू. दारांवर मात्र कृष्ण कंसाला मारतोय, विष्णू गरुडावर, इंद्र ऐरावतावर. आणि मागच्या कड्याखाली झरा. त्या झऱ्याचं पाणी पूर्वी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यात आणून थेट लिंगावर सोडलेलं होतं, म्हणजे अखंड अभिषेक, माणूस लागतच नाही. दाजी तिथे अर्धा तास होते. उतार किती, पन्हळ कुठून वळवली, पावसाळ्यात जास्त पाणी आलं तर काय करत असतील, सगळं बोलून झालं. लिंग आता जागेवर नाही पण झरा चालू आहे आणि लाओ बायका त्याखाली डोकं धरून पाणी घेत होत्या, बाटल्या भरून घरी नेत होत्या. एका आजींनी ताईची रिकामी बाटली हातातून घेतली, भरली आणि परत दिली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. ताईने ते पाणी पुढे कंबोडियापर्यंत वागवलं, शेवटी मीच म्हटलं की विमानात नेऊ देणार नाहीत, मग तिने ते अंगकोर वाटमध्ये विष्णूच्या पायाशी घातलं, पण ते पुढे येईलच.

कड्यावर मागे एक त्रिमूर्ती कोरलीय, ती शोधावी लागते. आणि त्याहून जुनी गोष्ट म्हणजे खाली नदीकाठी इथलं प्राचीन शहर होतं, तिथे पाचव्या शतकातला देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख सापडला, त्यात त्याने इथे कुरुक्षेत्र नावाचं तीर्थ स्थापन केल्याचं लिहिलंय. अंगकोर तेव्हा कुठेच नव्हतं. म्हणून म्हणते की ही वाट अंगकोरला जाते हे खरं, पण ती अंगकोरहून सुरू झालेली नाही. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक इथे जतनाचं काम करतात, तिरंगा असलेला बोर्ड दिसला आणि दाजींनी त्याचाही फोटो घेतला.

पुढे मेकाँगमधली बेटं, सी फान डोन. तिथे देऊळबिऊळ काही नाही, आम्ही नुसते पडून राहिलो. डोन खोनवर फ्रेंचांच्या छोट्या रेल्वेचा पूल आणि गंजकं इंजिन आहे, धबधब्यांमुळे बोटी वर नेता येईनात म्हणून बोटींचा माल आणि बोटी सुद्धा रुळांवरून न्यायचे. बास, एवढंच.

खाण्याचं इथेच सांगते. लाओसमध्ये चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो, हाताने गोळा करून खायचा, ताईचं त्यावर भागलं. अडचण भाजीत नाही, माशाच्या सॉसमध्ये आहे, तो तिन्ही देशांत जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतो आणि लोकांच्या लेखी तो मासा नसतोच, मीठ असतं. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधायची, तिथे निर्धास्त. कंबोडियात रस्त्याकडेला बांबूच्या नळीत भाजलेला भात मिळतो, नारळाचं दूध आणि चवळीसारखे दाणे घालून, क्रालान म्हणतात, नळी सोलायची आणि खायचं. ते मिळालं की आम्ही गाडी थांबवायचो. शिवाय भाजणी आणि मेतकूट होतंच, ताईने हॉटेलच्या किटलीत उकळलेल्या पाण्यात काय काय केलं ते हॉटेलवाल्यांना न कळलेलंच बरं.

वाटेतल्या एका नाक्यावर शिक्क्यासाठी माणशी दोन डॉलर मागितले, पावती नाही. दाजी तत्त्वाचे, ते म्हणाले पावती द्या. आम्ही उन्हात बसलो. मागून आलेली माणसं पैसे देऊन निघून गेली. शेवटी व्हॅनचा ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला आणि ताईने गुपचूप सहा डॉलर दिले. दाजी पुढचा तासभर बोलले नाहीत.

कंबोडियात उतरल्यावर स्तुंग त्रेंगहून मेकाँग ओलांडून पश्चिमेला गाडी केली आणि प्रेअह विहेअरला गेलो. हे कंबोडियात, दांग्रेक डोंगररांगेच्या अगदी कड्यावर, पाचशे मीटरपेक्षा उंच. वर जायला पायथ्याहून सरकारी तिकीट आणि मग पिकअप, ते सुद्धा अशा चढाने की दाजींनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. देऊळ शिवाचं, शिखरेश्वर. पण नेहमीसारखं पूर्वाभिमुख नाही, उत्तरेकडे तोंड, एकामागून एक पाच गोपुरं, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंचावर, आणि शेवटचं गाभाऱ्याचं आवार जिथे संपतं तिथे कडा. खाली कंबोडियाचं अख्खं मैदान. गंमत म्हणजे चढायचा मूळ जिना उत्तरेला आहे आणि उत्तरेला थायलंड. देऊळ कोणाचं यावर दोन्ही देश भांडले, १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिलं, २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा पुन्हा पेटलं आणि २०११ पर्यंत गोळ्या चालल्या. आम्ही गेलो तेव्हा शांत होतं, तरी वाळूच्या पोत्यांचे मोर्चे होते, सैनिक हॅमॉकमध्ये पडून मोबाइल बघत होते, एकाने ताईला बसायला खुर्ची दिली. मी त्या जिन्याने खाली जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत गेले. पुढे तारा. म्हणजे यात्रेकरू ज्या पायरीने चढायचे ती पहिली पायरी बंद आणि आम्ही मागच्या बाजूने पिकअपने वर आलो. एका दारावर समुद्रमंथन कोरलेलं आहे, फार सुंदर, तिथे सुद्धा देव-दानव दोर ओढतायत.

पुढे जुलै २०२५ मध्ये याच सीमेवर पुन्हा मोठी लढाई झाली. त्यामुळे आता कोणी मला विचारलं की थायलंडमधून सरळ कंबोडियात रस्त्याने जाऊ का, तर मी सांगते की आधी ताजी स्थिती बघा, लाओसमधून वळसा घालायचा मार्ग लांब पडतो पण वाट फू त्यातच येतं. आणि प्रेअह विहेअर उघडं असेल असं गृहीत धरून तिकिटं काढू नका.

कोह केरला वाटेत थांबलो. दहाव्या शतकात चौथ्या जयवर्मनने राजधानीच इथे हलवली होती, थोडीच वर्षं टिकली. सात टप्प्यांचा पिरॅमिड आहे, भोवती जंगल. जंगलात अजून सुरुंग असू शकतात म्हणून वाट सोडायची नाही असे फलक. इथल्या मूर्तींची कहाणी शेवटी म्युझियममध्ये पुरी होते.

सिएम रीपमध्ये पोचल्यावर पहिल्यांदा टुरिस्ट दिसले, म्हणजे बसच्या बस भरून. पास काढला, एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आठवड्याचा ७२, जागेवर फोटो काढून त्यावर छापतात. आम्ही आठवड्याचा घेतला आणि शहाणपणाचं ठरलं कारण दुपारी अकरा ते तीन बाहेर पडायचंच नाही असं धोरण ठेवता आलं. अंगकोरबद्दल इतकं लिहिलेलं आहे की मी थोडक्यात सांगते. अंगकोर वाटला सगळे सकाळी शिखराकडे धावतात, आम्ही खालच्या ओवऱ्यांमध्ये राहिलो. पश्चिमेच्या भिंतीवर कुरुक्षेत्र, त्यात भीष्म बाणांवर पडलेले, ते ताईला सापडले. दक्षिणेच्या बाजूला यम आणि चित्रगुप्त, खाली ३२ नरक, प्रत्येकाचं नाव आणि गुन्हा कोरलेला. तिथे एक शाळकरी मुलगा बापाला विचारत होता आणि बाप बोट ठेवून सांगत होता, ख्मेरमध्ये, पण बापाच्या आवाजावरून कळत होतं की खोटं बोललं की काय होतं ते चाललंय.

पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा उंच विष्णू उभा आहे, गळ्यात झेंडूच्या माळा, अंगावर सोनेरी उपरणं, पुढे उदबत्त्यांचा धूर. लोक त्याला ता रीच म्हणतात आणि नवस बोलतात, लग्न ठरलं की येतात. नवस बोलणारे सगळे बौद्ध. ताईने ते झऱ्याचं पाणी तिथे घातलं, शेजारच्या बाईने तिला एक उदबत्ती दिली. मला वाटतं की या सगळ्या प्रवासात 'हे हिंदू की बौद्ध' हा प्रश्न फक्त आम्हाला आणि पाट्यांना पडला होता.

बान्तेआय स्रेई मात्र चुकवू नका, लांब आहे म्हणून लोक टाळतात. ९६७ सालचं, राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या ब्राह्मणाने बांधलेलं, गुलाबी दगड, आणि कोरीवकाम इतकं बारीक की दगड की चंदन असा प्रश्न पडतो. रावण कैलास हलवतोय, पशुपक्षी पळतायत, पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय. वेरूळच्या लेण्यातला तोच प्रसंग आठवला, तिथे रावणाचं बळ अंगावर येतं, इथे सगळ्यांची पळापळ बघत राहावीशी वाटते. ता प्रोहमला झाडांच्या मुळ्यांपुढे रांग होती, फोटोसाठी. दाजींना तिथे जास्त रस होता तो आपल्या पुरातत्त्व खात्याने पडलेले दगड क्रमांक घालून परत कसे रचले त्यात. अंगकोर वाटलाही १९८६ ते १९९३ आपल्याच लोकांनी काम केलं, देश युद्धातून सावरत होता आणि बाकी कोणी यायला तयार नव्हतं तेव्हा. दगड साफ करायला रसायनं वापरली म्हणून नंतर टीकाही झाली, तीही दाजींनी मान्य केली, पण म्हणाले तेव्हा झाडी कोणी काढली ते पण लिही.

सिएम रीपहून नॉम पेन्हच्या वाटेवर कोम्पोंग थोम उतरून सांबोर प्रेई कुक केलं. सातव्या शतकातलं ईशानपूर, ईशानवर्मनची राजधानी, २०१७ मध्ये युनेस्कोत आलं. विटांची देवळं, त्यातली काही अष्टकोनी, आणि भिंतींवर उडते महाल कोरलेले. माणूस नाही. गावातली पोरं रुमाल विकायला मागे लागतात तेवढीच, त्यातल्या एकीने आम्हाला सावलीसावलीने फिरवलं आणि बॉम्बचे खड्डे दाखवले, अमेरिकन विमानांनी टाकलेले. ताईने तिच्याकडून चार रुमाल घेतले, चौकड्यांचे, क्रामा, ते आता घरी पोळ्यांच्या डब्यात आहेत.

नॉम पेन्हला राष्ट्रीय म्युझियम. लाल इमारत, मधे तळं आणि बाग. इथे कोह केरच्या मूर्ती भेटतात. भीम आणि दुर्योधन गदायुद्धाला उभे होते आणि भोवती बाकीचे बघत होते असा तो देखावा, देवळात मांडलेला. १९७० च्या दशकातल्या युद्धाच्या धामधुमीत चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या, पाय चबुतऱ्यांवर तसेच राहिले. दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावात निघाला, भीम कॅलिफोर्नियातल्या म्युझियममध्ये होता, २०१४ मध्ये दोघे परत आले. त्या पायांमुळेच सिद्ध झालं की मूर्ती इथल्याच. दुर्योधन उडी मारायच्या पवित्र्यात आहे. ताई त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "मांडीवर मारणारेत आता," आणि पुढे गेली.

आणि दाजींसाठी मी राखून ठेवलेली गोष्ट म्हणजे के-१२७ हा शिलालेख. मेकाँगकाठच्या सांबोरला सापडलेला तांबूस दगड, त्यावर शके ६०५, वद्य पंचमी असा काळ लिहिलेला, आणि ६०५ मधलं शून्य म्हणजे एक टिंब. तारीख असलेल्या सर्वात जुन्या शून्यांपैकी हे एक. दाजींनी मनात अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि ६८३ म्हणाले, पाटी बघायच्या आधी. आपल्या पंचांगातलाच शक, संकल्प सांगताना गुरुजी म्हणतात तोच, इथे सगळे जुने लेख त्याच शकात आहेत. मग त्यांनी ते टिंब नेमकं कुठलं यावर माझ्याशी वाद घातला, मी मधला आकडा दाखवत होते आणि त्यांचं म्हणणं की तो दगडाचा खड्डा आहे, शेवटी म्युझियममधल्या मुलीने येऊन बोट दाखवलं आणि मी बरोबर निघाले.

खर्चाचं विचाराल तर रस्त्याने गेल्यामुळे विमानाच्या टूरपेक्षा पैसे कमी लागले, दिवस मात्र जास्त लागले आणि पाठ दुखली. साठीच्या पुढचे असाल तर वाट फूच्या पायऱ्यांसाठी गुडघ्याचे पट्टे न्या, व्हॅनमध्ये पुढची सीट आधी मागून घ्या, आणि दोन नाके एका दिवसात करू नका. व्हिएतनामचं मी सोन राहिलं, चाम राजांची शिवमंदिरं तिथे आहेत. पाक्सेहून तिकडे बस जाते असं दाजींनी तिथेच स्टँडवर विचारून ठेवलंय.